व्हॅनचा डीपीएफ चोंदलाय? धुवायच्या आधी काजळी की राख ते बघा

प्रदूषणाचे बीएस ६ नियम लागू झाल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून, विंगर असो की ट्रॅव्हलर, डिझेल व्हॅनच्या सायलेन्सर लाइनमध्ये इंजिनाच्या जवळ पत्र्याचा एक फुगीर डबा असतो. हा डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. धुरातली काजळी अडवणं एवढंच त्याचं काम, आणि ते तो इतकं चोख करतो की शेवटी स्वतःच चोंदतो. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, पिकअप गायब होतो, घाटात गाडी ओढेनाशी होते आणि गॅरेजमध्ये तीन सल्ले मिळतात. ‘धुऊन टाका.’ ‘रिसेट मारून देतो.’ ‘आतला माल काढून टाका, कटकट संपली.’ पहिला सल्ला कधीकधी बरोबर असतो, दुसरा बहुतेक वेळा अर्धवट असतो आणि तिसरा बेकायदा आहे.

स्टाफ ड्युटी, शाळा, पार्सल असल्या कामाला ज्यांच्या एक-दोन व्हॅन चालतात आणि ज्यांना स्वतः पाना धरायला हरकत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाडी वॉरंटीत असेल तर फिल्टरला हात लावू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या. सीएनजी ईकोवाल्यांनी निवांत चहा घ्यावा, त्यांना हा त्रासच नाही.

डब्यात काय असतं

आत सिरॅमिकचा ठोकळा असतो, कॉर्डिएराइटचा किंवा सिलिकॉन कार्बाइडचा. त्यात हजारो बारीक चौकोनी नळ्या असतात. एक नळी पुढून उघडी आणि मागून बंद, तर शेजारची पुढून बंद आणि मागून उघडी. धुराला सरळ जायला वाटच नसते, त्याला नळीच्या सच्छिद्र भिंतीतून पलीकडे झिरपावं लागतं. काजळी भिंतीवर अडकते आणि स्वच्छ वायू पुढे जातो. या ठोकळ्याच्या पुढे, बऱ्याचदा त्याच डब्यात, डीओसी नावाचा उत्प्रेरक असतो. त्याच्यावर प्लॅटिनम-पॅलेडियमचा पातळ थर असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, धुताना तिचा संबंध येणार आहे.

अडकलेली काजळी गाडी स्वतःच जाळते. लांबच्या रस्त्यावर भरल्या गाडीने चढ चढताना धूर तापलेला असतो, तेव्हा साधारण २५० ते ४०० अंश सेल्सिअसला ती हळूहळू आपोआप जळत राहते. तेवढ्याने भागलं नाही तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मुद्दाम थोडं जास्तीचं डिझेल उशिरा फवारतो. ते डीओसीत जळतं, फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापतो आणि काजळी जळून जाते. याला रिजनरेशन म्हणतात, गॅरेजच्या भाषेत नुसतं ‘रिजन’.

आता खरा मुद्दा. फिल्टरमध्ये दोन गोष्टी साठतात, काजळी आणि राख. चुलीत लाकूड जळून जातं पण राख तिथेच राहते, ती कुणीतरी उपसावी लागते. फिल्टरचंही तसंच आहे. काजळी म्हणजे अर्धवट जळलेल्या डिझेलचा कार्बन, ती तापवली की जाते. राख येते इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंक, फॉस्फरस अशा घटकांतून. ती कितीही तापवली तरी जळत नाही, भिंतीवर किंवा नळीच्या बंद टोकाशी बसून राहते. काजळी काही आठवड्यांत भरू शकते. राखेने फिल्टर भरायला लाख-दीड लाख किलोमीटर सहज लागतात, ऑइल चुकीचं असेल तर कमी.

म्हणून ४० हजार किलोमीटर चाललेल्या व्हॅनचा फिल्टर चोंदला तर तो धुणं हा इलाज नाही. इंजिन जास्त काजळी करतंय किंवा रिजन पुरं होत नाहीये, यातलं काहीतरी आहे, आणि ते शोधलं नाही तर धुतलेला फिल्टर महिन्याभरात पुन्हा तसाच होणार.

आधी हाताने आणि डोळ्यांनी करायची तपासणी

गाडी पूर्ण थंड असू द्या. सायलेन्सरच्या मागच्या टोकात बोट घालून आतून फिरवा. बीएस ६ गाडीची नळी आतून जवळपास स्वच्छ असायला हवी, फार तर राखाडी धूळ. बोट काळंकुट्ट निघालं तर फिल्टरचा ठोकळा तडकलाय किंवा आधीच्या मालकाने तो आतून फोडून काढलाय. तडकलेला फिल्टर धुऊन काही उपयोग नाही, बदलावाच लागतो. जुनी व्हॅन घेताना तर ही तपासणी करारपत्रावर सही करण्याआधी कराच.

मग ऑइलची पट्टी काढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलं असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर रिजन अर्धवट तुटत राहिलंय आणि उशिरा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरलंय. अशा ऑइलवर जबरदस्तीचं रिजन अजिबात करायचं नाही. पातळ ऑइलने बेअरिंग जातात, आणि पातळी फारच वाढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून बेफाम रेस घेऊ शकतं, मग किल्ली बंद करूनही थांबत नाही. आधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रेशर सेन्सर. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजायला दोन बारीक नळ्या डब्यातून निघून एका छोट्या सेन्सरकडे जातात. डब्याजवळ त्या लोखंडी असतात, पुढे रबरी. उष्णतेने रबर कडक होऊन बरोबर क्लॅम्पपाशी तडकतं, किंवा नळीत काजळीचा ओला गोळा अडकतो. मग सेन्सर खोटं सांगतो आणि चांगला फिल्टर चोंदलेला दिसतो. रबरी नळी सेन्सरच्या बाजूने काढा, बोटांत वाकवून बघा, चीर पडलीय का ते उजेडात तपासा. लोखंडी नळीतून अगदी हलकी हवा फिल्टरच्या दिशेने सोडा, ती अडखळता कामा नये. सेन्सरमध्ये मात्र हवा मारायची नाही, आतला पडदा फाटतो. आणि दोन्ही नळ्यांवर खुणेची टेप लावूनच त्या काढा. अदलाबदल झाली तर पुढचे दोन तास डोकेफोड ठरलेली. कित्येक ‘चोंदलेले’ फिल्टर या रबरी नळीवरच सुटतात.

शेवटी टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरपर्यंतच्या (ती हवा गार करणारी जाळी) पाइपांवर हात फिरवा. कुठे ऑइलचा ओला डाग असेल तर तिथून हवा गळतेय. हवा कमी पडली की काजळी जास्त, हे गणित सरळ आहे.

स्कॅनर काय सांगतो

स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीतले दोष वाचायच्या सॉकेटला, स्कॅनर लावा. ब्लूटूथचा स्वस्त डोंगल कोड वाचून दाखवतो, पण फिल्टरमध्ये काजळी किती ग्रॅम आहे आणि शेवटचं रिजन किती किलोमीटरमागे झालं हे बघायला गाडीला जुळणारा गॅरेजचा स्कॅनर लागतो. तो विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या गॅरेजमध्ये अर्ध्या तासासाठी लावून घ्या, आणि स्क्रीनचे फोटो काढून ठेवा.

कोडमध्ये पी२४६३ आला तर काजळी साठलीय. पी२४२एफ आला तर राख साठलीय. पी२४५२ ते पी२४५५ हे प्रेशर सेन्सरच्या सर्किटचे, म्हणजे मघाच्या नळ्या, सेन्सर किंवा वायरिंगचा कप्लर. पी२००२ म्हणजे फिल्टर नीट अडवत नाहीये, तेव्हा सायलेन्सरमध्ये घातलेलं बोट आठवा. यांच्या जोडीला ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), इंजेक्टर, ग्लो प्लग किंवा हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरचा कोड असेल तर दुरुस्ती तिथून सुरू करायची. तो कोड असेपर्यंत बऱ्याच गाड्या रिजन सुरूच करत नाहीत.

आता दाब. इंजिन बंद, किल्ली चालू, या अवस्थेत दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक शून्य दिसला पाहिजे. शून्य नसेल तर सेन्सरवरच संशय. इंजिन गरम असताना आयडलला, म्हणजे रेस न देता, हा फरक साधारण १० मिलिबारच्या आत असावा, उभ्या गाडीत ३००० आरपीएमला नेल्यावर ५० च्या आसपास किंवा खाली. आयडललाच ३०-४० दिसत असेल तर फिल्टर खरोखर भरलाय. हे आकडे ढोबळ आहेत, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधले आकडे मिळाले तर तेच धरा. स्कॅनर किलोपास्कलमध्ये दाखवत असेल तर १ किलोपास्कल म्हणजे १० मिलिबार.

इंजिनचं तापमानही बघून घ्या. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकला की इंजिन पुरेसं तापत नाही, गाडी रिजनची वाट बघत बसते आणि दोष फिल्टरच्या माथी येतो. थर्मोस्टॅट तुलनेने किरकोळ भाग आहे, पण इकडे कुणी बघतच नाही.

पहिला उपाय: गाडी पळवा

नुसता पिवळा डीपीएफ दिवा असेल, गाडी लिंप मोडमध्ये (इंजिन वाचवायला ईसीयू ताकद कमी करतो ती अवस्था) गेलेली नसेल आणि ऑइलची पातळी ठीक असेल, तर पैसे खर्च न करता बरंच काही जमतं. टाकीत निदान पाव टाकीच्या वर डिझेल हवं, रिझर्व्हवर असताना गाडी रिजन करत नाही. पहाटे रस्ता मोकळा असताना हायवे धरा आणि २०-२५ मिनिटं न थांबता चालवा.

इथे लोक वेगाच्या मागे लागतात. व्यावसायिक व्हॅनला स्पीड गव्हर्नर असतो, बहुतेकींना ८० चा, शाळेच्या गाड्यांना त्याहून कमी. पण रिजनला लागतो तो धुराचा ताव, आणि तो येतो आरपीएम आणि लोडमधून. पाचव्या गिअरमध्ये ७० ने तरंगत जाण्यापेक्षा चौथ्यात ६० ने, २००० ते २५०० आरपीएम राखत जा. पुण्याच्या गाडीला खंबाटकीचा चढ यासाठी उत्तम. हिंजवडीच्या सिग्नलला दिवसभर रांगणारी व्हॅन आठवड्यातून एकदा असा चढ चढली तर निम्म्या तक्रारी येणारच नाहीत.

रिजन चालू असल्याचं कळतं. आयडल थोडं वाढतं, रेडिएटरचा पंखा जोरात फिरतो, तापलेल्या लोखंडाचा वास येतो, अॅव्हरेज दाखवणारा आकडा एकदम पडतो. या वेळी गाडी बंद करू नका. घर आलं तरी दोन चकरा जास्त मारा. अर्धवट तोडलेलं प्रत्येक रिजन ऑइलमध्ये डिझेल सोडून जातं. ड्रायव्हर पगारी असेल तर त्याला हे नीट समजावून सांगा, कारण डिझेल वाचवायला म्हणून लगेच किल्ली फिरवण्याची सवय त्यांना मालकांनीच लावलेली असते.

दुसरा उपाय: स्कॅनरने जबरदस्तीचं रिजन

पळवून दिवा गेला नाही आणि कोड काजळीचाच असेल, तर उभ्या गाडीत स्कॅनरवरून रिजन करवतात. इंजिन कामाच्या तापमानाला आलेलं हवं, डिझेल पुरेसं हवं, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला. बॉनेट गाडीच्या सूचनेप्रमाणे, काही गाड्यांत ते बंदच लागतं. स्कॅनरने आज्ञा दिली की रेस आपोआप वाढते आणि २० ते ४० मिनिटं हे चालतं.

जागा नीट निवडा. सिमेंट किंवा फरशीवर, उघड्यावर, भिंतीपासून लांब. गावाकडे शेताच्या बांधावर उभी करून हे करायला जाल तर सुकं गवत नाहीतर उसाचं पाचट पेटेल. शेडमध्ये करायचं नाही, धूर विषारी असतो. जवळ अग्निशामक सिलिंडर किंवा निदान वाळूची बादली ठेवा, आणि पोरंटोरं सायलेन्सरपासून दूर ठेवा. संपल्यावरही अर्धा तास खाली हात घालू नका.

काजळी एका मर्यादेपलीकडे भरली असेल तर ईसीयू हे रिजन करायला नकार देतो, आणि त्यामागे कारण आहे. इतकी काजळी एकदम पेटली तर आतलं तापमान आवरत नाही, सिरॅमिक तडकतं किंवा वितळतं. म्हणून ‘आकडा रिसेट करून मग रिजन मारू’ असं कुणी म्हणालं तर गाडी तिथून काढा. रिसेटने फक्त ईसीयूला वाटतं की फिल्टर रिकामा आहे. आतली काजळी जिथल्या तिथे असते.

रिजन पुरं झाल्यावर दाब पुन्हा बघा. आयडलला १० च्या आत आला तर काम झालं, पण ऑइल बदला. रिजन व्यवस्थित होऊनही दाब चढाच राहिला, गाडी लाखाच्या पुढे चाललेली असेल, तर ती राख आहे. आता फिल्टर खाली काढायची वेळ आली.

(सेन्सरच्या भोकातून फवारायची क्लीनरची बाटली मिळते. ती ओली काजळी थोडी सैल करते, पुढचं रिजन सोपं होतं. राखेवर तिचा काही परिणाम नाही. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.)

फिल्टर उतरवणं

एक दिवस आधी सगळ्या नट-बोल्टवर, विशेषतः तापमान सेन्सरच्या नटांवर, गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. रात्रभर मुरू द्या. हे सेन्सर वर्षानुवर्षं तापून आत घट्ट बसलेले असतात, घाईने पिळले की आटे जातात किंवा सेन्सरच तुटतो. सेन्सरसाठी चिरेचा खास सॉकेट मिळतो, ज्यातून वायर बाहेर राहते, तोच वापरा. नट हलत नसेल तर इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा आणि थोडं पुढे-थोडं मागे करत सोडवा.

गाडी सपाट जागी, चाकांना अडण्या, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, घोड्या (जॅक स्टँड) लावा किंवा खड्ड्यावर घ्या. मग क्रमाने प्रेशरच्या नळ्या, तापमान सेन्सर, पुढचा क्लॅम्प किंवा फ्लँजचे नट, मागचा जोड, शेवटी डब्याचे ब्रॅकेट. डबा वाटतो त्यापेक्षा जड असतो, शेवटचा नट काढताना खाली दुसरा माणूस हवा. आपटला तर आतलं सिरॅमिक तडकतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. हातोडीने ठोकून काजळी झाडणारे महाभाग पाहिलेत. तसला डबा हलवला की आत खुळखुळतो.

डब्यावरचा नंबर आणि वायूच्या दिशेचा बाण यांचा फोटो काढा. बाहेर धुवायला देणार असाल तर हा फोटो फार उपयोगी पडतो, कारण आतल्या मौल्यवान धातूमुळे फिल्टरला भंगारातही भाव आहे आणि तुमचाच डबा परत आला हे पटवून घेता आलं पाहिजे. नंतर दोन्ही तोंडांत टॉर्च मारा. मागचं तोंड स्वच्छ किंवा राखाडी असावं. मागच्या तोंडावर काळे पट्टे दिसले तर तडा गेलाय, पुढे मेहनत करू नका. पुढच्या तोंडावर ऑइलचा ओलसर थर असेल तर टर्बोचं सील गळतंय, आधी तो खर्च.

डबा काट्यावर घालून वजन लिहून ठेवा. किराण्याच्या दुकानातला काटा चालतो.

स्वच्छ करणं

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे यंत्रावर साफ करून देणारं दुकान. ते फिल्टर भट्टीत हळूहळू तापवून काजळी जाळतात, मग मागच्या बाजूने हवेचे झोत सोडून राख काढतात आणि आधी-नंतर हवेचा प्रवाह मोजून कागद देतात. तो कागद मागा. कागद न देणारं दुकान बहुतेक नुसतं पाण्याने धुतंय. भट्टी हवी म्हणून ओळखीच्या बेकरीत किंवा लोहाराकडे नेऊ नका. तापमान एकदम चढलं-उतरलं की ठोकळा गेला.

घरी करायचं असेल तर नियम एकच, सगळं मागून पुढे. राख पुढच्या बाजूने उघड्या नळ्यांत बसलेली असते, पुढून पाणी मारलं तर ती बंद टोकाशी आणखी घट्ट बसते. म्हणून पुढचं तोंड खाली, मागचं तोंड वर, असा डबा टबवर दोन लाकडी पट्ट्यांवर उभा करा.

एन-९५ मास्क, चष्मा, रबरी हातमोजे घातल्याशिवाय सुरू करू नका. ही राख आणि काजळी फुप्फुसात गेलेली चांगली नाही. आधी कोरडी हवा. कॉम्प्रेसरचा दाब कमी ठेवून, नोझल तोंडापासून वीतभर लांब धरून, मागच्या बाजूने सगळीकडे फिरवत मारा. पूर्ण दाबाने एकाच जागी मारलं तर भिंती फुटतात. खालच्या तोंडाला जाड पिशवी बांधा, नाहीतर सगळी गल्ली काळी होईल आणि शेजारी भांडायला येतील.

मग डीपीएफसाठीचंच क्लीनर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कोमट पाण्यात मिसळून, मागच्या तोंडातून ओता आणि सांगितलेला वेळ मुरू द्या. कॉस्टिक सोडा, टॉयलेट धुवायचं अॅसिड, कपड्यांची पावडर, यातलं काहीही नको. मघाशी सांगितलेला डीओसीचा थर या गोष्टींनी मरतो. तो मेला की पुढे कधीच नीट रिजन होत नाही. फिल्टर वरून चकचकीत आणि कामाला शून्य.

आता बागेच्या साध्या पाइपने मागून पाणी सोडा. सर्व्हिसिंगवाल्याची प्रेशर गन नको. सुरुवातीला शाईसारखं पाणी येतं, ती काजळी. नंतर राखाडी, चिखलासारखं, तळाशी बसणारं, ती राख. टबच्या तळाशी असा गाळ दिसला की समजायचं योग्य गोष्ट बाहेर येतेय. पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा क्लीनर, पुन्हा पाणी. दोन-तीन फेऱ्या लागू शकतात.

हे पाणी गटारात, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. त्यात धातू आहेत. टबमध्ये स्थिर होऊ द्या, गाळ फडक्यात गाळून वेगळा बांधा आणि जिथे वापरलेलं ऑइल देता त्या गॅरेजला तो घातक कचऱ्यात घ्यायला सांगा.

वाळवणं कंटाळवाणं आहे, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. सिरॅमिक आणि पत्रा यांच्यामध्ये चटईसारखं एक वेष्टन असतं, ते पाणी धरून ठेवतं. हलक्या हवेने पाणी काढा, मग कडक उन्हात दोन दिवस उभा ठेवा, मधून मधून उलटा करा. पावसाळ्यात हे काम काढू नका, किंवा काढलंच तर ब्लोअर लावा. पूर्ण सुकल्यावर पुन्हा वजन करा. आधीच्यापेक्षा शंभर-दोनशे ग्रॅम कमी भरलं तर राख खरोखर निघालीय. तेवढंच किंवा जास्त भरलं तर आत अजून पाणी आहे.

परत बसवणं

गॅस्केट नवे, नट शक्यतो नवे. बाण सायलेन्सरच्या टोकाकडे. सेन्सरच्या आट्यांना उष्णता सहन करणारी ग्रीस, अगदी थोडी, टोकाला न लागू देता. प्रेशर नळ्या टेपच्या खुणांप्रमाणे. आधी सगळे नट हाताने बसवा, मग डबा नीट सरळ आलाय बघून आवळा. इंजिन चालू करून जोडांपाशी हात धरा, कुठे फुसफुस असेल तर दाबाचा आकडा खोटा येईल. सुरुवातीला पांढरी वाफ येते, तिने घाबरू नका.

स्कॅनरवर आता दोन वेगळे पर्याय दिसतील. काजळीचा आकडा शून्य करायचा, तो फिल्टर खरोखर साफ झालाय म्हणून. राखेचा आकडा फक्त राख काढली असेल किंवा फिल्टर नवा असेल तरच शून्य करायचा. नुसतं रिजन करून राखेचा आकडा पुसला तर गाडीला पुढचा हिशेब कधीच लागत नाही. कोड पुसा, हायवेवर एक फेरी मारा, येऊन दाब पुन्हा वाचा आणि तो आकडा तारखेसह लिहून ठेवा.

‘आतला माल काढून टाका’ या सल्ल्याबद्दल

कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं, आणि प्रदूषणाच्या निकषांचं उल्लंघन कलम १९०(२) मध्ये येतं. पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, लायसन्सवरही गदा येते. शाळेच्या पोरांना घेऊन जाणाऱ्या गाडीचा धूर त्यांच्याच नाकात सोडायचा, याला तर मी साफ नाही म्हणतो. व्यवहार बघायचा तरी, पीयूसीला अडकते, फिटनेसला अडकते, विकताना भाव पडतो.

पुन्हा चोंदू नये म्हणून

ऑइल कमी राखेचंच, बीएस ६ डिझेलसाठी कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं, डब्यावर एसीईए सी३ किंवा एपीआय सीके-४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. मॅन्युअलमध्ये जे आहे तेच. जुन्या ट्रकचं पिंपातलं सुटं ऑइल स्वस्त पडतं, पण त्यातली सगळी राख डीपीएफमध्ये जाऊन बसते. डिझेल पंपावरचंच भरा. बीएस ६ डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण दहा लाखांत १० भाग इतकंच असतं, आधी ते ५० होतं. रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ म्हणून विकलं जाणारं मिश्रण या फिल्टरला आणि इंजेक्टरला दोघांनाही महाग पडतं. ज्या गाड्यांना डीईएफची, म्हणजे युरिया मिसळलेल्या पाण्याची, निळ्या झाकणाची वेगळी टाकी आहे, त्यांनी ते पाणी आणि डीपीएफ यांची गल्लत करू नये, ते नायट्रोजन ऑक्साइडसाठी आहे. फिल्टर साफ करायला डीईएफ ओतणारे लोक आहेत म्हणून सांगावं लागतं.

गाडीच्या वहीत दोन रकाने वाढवा: प्रत्येक सर्व्हिसिंगला आयडलचा दाब, आणि दोन रिजनमधलं अंतर. हे अंतर पूर्वी चारशे-पाचशे किलोमीटर होतं आणि आता शंभरावर आलं असेल, तर दिवा लागायची वाट न बघता इंजेक्टर आणि ईजीआर तपासायला गाडी लावा.